सिनाबार जिम: क्विझची उत्तरं सगळी बरोबर, तरी ब्लेनसमोर दरवेळी हार का होते?

पोकेमॉन रेड किंवा ब्लू हे गेम बॉयचे जुने गेम खेळणारं कोणी ना कोणी मला वर्षातून एकदा तरी हे विचारतंच, की सिनाबार आयलंडच्या जिममध्ये (जिम म्हणजे तिथल्या प्रमुखाला हरवून बॅज मिळवायची जागा) अडकलोय, क्विझची उत्तरं सांग. मी उत्तरं सांगतो, दोन दिवसांनी तोच माणूस परत येतो, उत्तरं बरोबर होती, दारं उघडली, पण जिमचा प्रमुख ब्लेननं सहाच्या सहा पोकेमॉन लोळवले, आता काय करू. आणि मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. मागच्या दिवाळीत माझ्या भाच्याचं अगदी असंच झालं आणि तेव्हा बाजूला बसून नीट बघितल्यावर लक्षात आलं की खरा प्रॉब्लेम क्विझच्या उत्तरांचा नाहीच, आपण ती क्विझ ज्या पद्धतीनं उरकतो त्याचा आहे. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय, जिथं अडकलाय तिथून वाचा.

आधी जिमचं दार. बरेच जण पार समुद्र ओलांडून येतात आणि दार लॉक दिसल्यावर त्यांना वाटतं गेम बिघडला. बिघडलेला नाही. सिक्रेट की लागते आणि ती त्याच बेटावरच्या पडक्या पोकेमॉन मॅन्शनच्या तळघरात आहे. बेटावर यायला सर्फ, म्हणजे पाण्यावरून नेणारा हल्ला, लागतो, त्यासाठी फ्यूशिया सिटीच्या सफारी झोनमधला एचएम०३ (पोकेमॉनला तो शिकवणारी वस्तू) आणि तिथल्याच जिमप्रमुख कोगाचा सोल बॅज. पॅलेट टाऊनवरून सरळ दक्षिणेला सर्फ करत या, हा रस्ता सगळ्यात सोपा. फ्यूशियाकडून आलात तर मध्ये सीफोम आयलंडच्या गुहा लागतात आणि तिथं दगड ढकलण्यात निम्मी संध्याकाळ जाते.

मॅन्शनमध्ये पुतळे आहेत, पुतळ्यासमोर उभं राहून ए दाबलं की लपवलेलं बटण सापडतं. बटण दाबलं की काही दारं उघडतात आणि त्याच वेळी दुसरी काही बंद होतात. गडबड इथंच होते, पोरं दिसेल तो पुतळा दाबत सुटतात आणि स्वतःच स्वतःचा रस्ता बंद करून घेतात. एक पुतळा दाबा, पुढं काय उघडलंय ते चालून बघा, रस्ता खरंच संपला तरच दुसरा दाबा. आणि तळघराचा जिना तळमजल्यावर समोरून जाऊन मिळतच नाही! तिसऱ्या मजल्यावर जायचं, तिथं जमिनीला मोकळी भगदाडं आहेत, त्यातून खाली उडी मारायची, मग तळमजल्याच्या त्या बंद भागात पडता जिथून तळघरात जाता येतं. दुसऱ्या मजल्यावर पडलात तर चुकीच्या भगदाडातून उडी मारली, परत वर जा. उडी मारायची हे कोणी सांगत नाही, त्यामुळे इथं माणूस तासन्‌तास गोल गोल फिरत बसतो.

जाता जाता मॅन्शनमधल्या डायऱ्या मात्र वाचा, घाई करू नका. पाच जुलैच्या नोंदीत दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात नवीन पोकेमॉन सापडल्याचं लिहिलंय, पुढं त्याचं नाव म्यू ठेवलं, मग म्यूला पिल्लू झालं ते म्यूटू आणि शेवटच्या नोंदीत ते आवरत नाही हे कबूल केलंय. चार छोट्या नोंदी, पण त्या रिकाम्या घरात त्या वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

चावीचा बॉल समोर दिसतोय आणि उचलला जात नाही, असं झालं तर बॅग भरलीय. रेड-ब्लूच्या बॅगेत २० प्रकारच्या वस्तू मावतात, बस्स. काहीतरी टाकून द्या किंवा वापरून टाका आणि परत ए दाबा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं परत कामाला येणार आहे. बाहेर पडायला एस्केप रोप वापरा, शेवटच्या पोकेमॉन सेंटरसमोर जाऊन पडाल, म्हणून मॅन्शनमध्ये शिरायच्या आधी सिनाबारच्याच सेंटरमध्ये एकदा उपचार करून घेतलेले बरे.

आता जिमच्या आत. भाचा डोंबिवलीहून आला होता, मी जपून ठेवलेला जुना गेम बॉय ॲडव्हान्स त्याला दिला, त्या पहिल्या मॉडेलला बॅकलाइट नाही म्हणून तो गॅलरीत उन्हाकडं पाठ करून, स्क्रीन वाकडीतिकडी करत बसला होता. आतून ओरडला, "मामा, मशीन चालतच नाहीये!" जाऊन बघितलं तर तो मशीनच्या बाजूला उभा राहून ए दाबत होता. क्विझचं मशीन भिंतीत आहे, त्याच्या बरोबर खाली उभं राहायचं आणि कॅरेक्टरचं तोंड वर, म्हणजे मशीनकडं पाहिजे, तेव्हाच प्रश्न येतो. बाजूनं कितीही दाबा, काही होत नाही. फोनवर टचस्क्रीनची बटणं वापरून खेळणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो कारण अंगठा जरा घसरला की कॅरेक्टर वळतं. वरचं बटण एकदा दाबा, मग ए.

मशीन सहा आणि प्रश्न सहा, उत्तर हो किंवा नाही. क्रम असा: हो, नाही, नाही, नाही, हो, नाही. भाच्यानं हे गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, कुठूनतरी उतरवून. पण नुसता क्रम पाठ केला की कुठल्या मशीनवर आहोत तेच विसरायला होतं, म्हणून प्रश्न काय आहेत ते समजून घेतलेलं चांगलं, आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे ते खाली येईलच.

पहिला, कॅटरपीचं बटरफ्री होतं का. इथं हुशार पोरं फसतात. ती म्हणतात कॅटरपीचं आधी मेटापॉड होतं, मग नाही. पण शेवटी बटरफ्री होतंच, गेमला हो हवंय. दुसरा, लीगचे अधिकृत बॅज नऊ आहेत का. आठ आहेत, नाही. तिसरा, पॉलिवॅग तीनदा इव्हॉल्व्ह होतं, म्हणजे रूप बदलतं का. पॉलिवॅग, पॉलिव्हर्ल, पॉलिरॅथ अशी तीन नावं आहेत म्हणून लोक हो दाबतात, पण नावं तीन असली तरी बदल दोनच, नाही. चौथा, विजेचे हल्ले ग्राउंड टाइपवर, म्हणजे जमिनीच्या प्रकारातल्या पोकेमॉनवर, चालतात का. अजिबात नाही, शून्य.

पाचवा प्रश्न जरा थांबून वाचा. एकाच जातीचे आणि एकाच लेव्हलचे पोकेमॉन सारखे नसतात, असं इंग्लिशमध्ये विचारलंय आणि हो का नाही म्हणायचं. इथं गंमत बघा, शाळेतल्या इंग्लिशच्या सवयीनं आपण "नो, दे आर नॉट" असं म्हणतो आणि नाही दाबतो, की चुकलं. पण तोच प्रश्न मनात मराठीत आणा, "सारखे नसतात ना?" आणि आपोआप तोंडातून येतं, "हो, नसतात." तेच उत्तर. भाचा मराठी मीडियमचा आहे, त्यानं वही न बघता हो दाबलं आणि बरोबर आलं, मला खूप बरं वाटलं. सहावा, टीएम२८ मध्ये टूमस्टोनर आहे का (टीएम म्हणजे पोकेमॉनला हल्ला शिकवणारी वस्तू). असा हल्लाच गेममध्ये नाही, टीएम२८ म्हणजे डिग, सेरुलियन सिटीतला टीम रॉकेटचा चोर हरवल्यावर मिळतो तो. नाही.

उत्तर चुकलं तर काय? बझर वाजतो आणि त्या खोलीतला ट्रेनर तुमच्याशी लढायला येतो, त्याला हरवलं की दार उघडतंच. म्हणजे चुकल्यानं गेम संपत नाही, परत पहिल्यापासून सुरू होत नाही, काहीही होत नाही. एकदा उघडलेलं दार उघडंच राहतं, मध्येच बाहेर जाऊन पोकेमॉन सेंटरमध्ये बरे होऊन आलात तरी. मग लोक उत्तरांसाठी एवढे घाबरतात का हे मला कळत नाही.

आणि आता मूळ दुखणं. सगळी उत्तरं बरोबर दिली की सगळी दारं उघडतात आणि एकाही ट्रेनरशी न लढता तुम्ही थेट ब्लेनसमोर उभे. म्हणजे जिमच्या आत जो अनुभव मिळायला हवा होता तो सगळा बाहेर सोडून आलात. वर मॅन्शनमध्येही रस्ता नेटवर बघून पळत पळत आलेले असता. मग टीम ३२-३५ लेव्हलची आणि समोर ब्लेनचा ग्रोलिथ ४२, पोनिटा ४०, रॅपिडॅश ४२ आणि आर्कनाइन ४७. हरणार नाही तर काय होणार. भाच्याचं तेच, सहाही उत्तरं पहिल्या फटक्यात बरोबर, आणि आर्कनाइनपर्यंत पोचलाच नाही. परत गेला, परत तेच. तिसऱ्यांदा हरल्यावर त्यानं गेम बॉय बंद करून पलंगावर ठेवला आणि जेवायला बसला, काही बोललाच नाही.

उपाय सोपा आहे. उत्तर बरोबर दिलं तरी ट्रेनर तिथंच उभे असतात, त्यांच्यासमोर जाऊन ए दाबा, लढतील. एकेकाशी लढा, बाहेर जा, बरे व्हा, परत या. फक्त हे ब्लेनला हरवायच्या आधी करा, कारण तो हरला की जिममधले राहिलेले ट्रेनर लढत नाहीत, तो अनुभव कायमचा गेला. चोर आणि चष्मेवाले सुपर नर्ड असे ट्रेनर आहेत, त्यांचे पोकेमॉन पण आगीचेच, म्हणजे ब्लेनच्या आधीची रंगीत तालीम. ज्यांची टीम खरंच कमी लेव्हलची आहे त्यांनी मॅन्शनमधले ट्रेनर पण सोडू नका.

पण नुसती लेव्हल वाढवून पण काहीजण हरतात आणि त्याचं कारण वेगळं. पोनिटा आणि रॅपिडॅश दोघांकडं फायर स्पिन आहे. रेड-ब्लूमध्ये हा हल्ला लागला की तुमचा पोकेमॉन दोन ते पाच टर्न हल्लाच करू शकत नाही, नुसता जळत बसतो. नंतरच्या गेममध्ये असं नाही, तिथं अडकलात तरी हल्ला करता येतो, त्यामुळे नवीन गेम खेळून जुन्याकडं आलेल्यांना हा धक्का बसतो. यावर खरा उपाय एकच, समोरच्याच्या आधी हल्ला करणारा पोकेमॉन आणि एका-दोन फटक्यात त्याला आडवा करणारा हल्ला.

आणि तो पोकेमॉन कोणता हे मशीननं तुम्हाला सांगितलंय! सहावा प्रश्न आठवा, टीएम२८, डिग. ग्राउंडचा हल्ला आगीवर दुप्पट चालतो, आणि या जुन्या गेममध्ये डिगची ताकद १०० आहे, नंतरच्या गेमसारखी कमी नाही. वर्मिलियनजवळच्या डिगलेट्स केव्हमध्ये डिगलेट पोत्यानं मिळतात, अधूनमधून सरळ २९ किंवा ३१ लेव्हलचा डगट्रिओ पण येतो. डिगलेट १९ लेव्हलला डिग स्वतःच शिकतो, टीएम वाया घालवायची गरज नाही. डगट्रिओचा मूळ वेग १२०, रॅपिडॅशचा १०५, आर्कनाइनचा ९५. म्हणजे ४० लेव्हलच्या आसपास नेला की ब्लेनच्या सगळ्या टीमच्या आधी त्याची पाळी येते, पहिल्या टर्नला जमिनीत जातो, वरून फायर स्पिन टाका नाहीतर फायर ब्लास्ट, लागत नाही, दुसऱ्या टर्नला खालून वर. फक्त अंगात जीव कमी आहे, एक फायर ब्लास्ट नीट बसला तर गेला, म्हणून वेग महत्त्वाचा. सिल्फ कंपनीच्या दहाव्या मजल्यावरचा टीएम२६ अर्थक्वेक अजून शिल्लक असेल तर तो याला द्या, मग दोन टर्नची पण भानगड नाही.

आता सुरुवातीला निवडलेल्या पोकेमॉनप्रमाणे बघू. ब्लास्टॉइजवाल्यांना यातलं काही लागणार नाही, तो पाण्याचाच आहे, सर्फ करा. चॅरिझार्डवाल्यांनी त्याला टीएम२८ शिकवा, त्याच्यावर आग अर्धीच लागते आणि डिग शिकतो. सगळ्यात जास्त हाल व्हीनसॉरवाल्यांचे, पहिल्या दोन जिममध्ये सगळं सोपं गेलं आणि सातव्यात येऊन आपटतात कारण गवत आगीपुढं टिकत नाही. माझा भाचा पण बल्बासॉरवालाच, त्याचंच पुढं व्हीनसॉर होतं. त्यांनी डगट्रिओ आणि एक पाण्याचा पोकेमॉन अशी जोडी करा, सिल्फ कंपनीत फुकट मिळालेला लॅप्रस बॉक्समध्ये पडला असेल तर बाहेर काढा, १५ लेव्हलचा मिळतो त्यामुळे मेहनत आहे पण पुढंही कामाला येतो. मॅन्शनच्या तळघरात टीएम१४ ब्लिझर्ड मिळतो, या जुन्या गेममध्ये बर्फ आगीवर पूर्ण लागतो, नंतरच्यासारखा अर्धा नाही, तरी ब्लेनसाठी सर्फच बरं, ब्लिझर्ड शेवटच्या पोकेमॉन लीगसाठी ठेवा.

मित्राकडून केबलनं मोठा पोकेमॉन घेऊन ब्लेनला उडवायचा बेत असेल तर दुसऱ्या एका जिमची प्रमुख सब्रिना हिचा मार्श बॅज आहे ना ते बघा. त्यानं ७० लेव्हलपर्यंतचे घेतलेले पोकेमॉन ऐकतात, त्याच्या वरचे ऐन लढाईत ऐकत नाहीत. आणि ब्लेन रेड-ब्लूमध्ये मध्येच सुपर पोशन वापरतो, पोकेमॉनला काही झालेलं नसताना पण. ती टर्न तुम्हाला फुकट मिळाली असं समजा आणि जोरात हल्ला करा.

एक विनंती. सिनाबारच्या पूर्व किनाऱ्यावर सर्फ करून मिसिंगनो (गेममधल्या बिघाडातून येणारा पोकेमॉन) समोर आणायची आणि बॅगेतली सहावी वस्तू वाढवायची ट्रिक सगळ्यांना माहितीय, आणि बरेच जण रेअर कँडी वाढवून टीम १०० पर्यंत नेतात. त्या मिसिंगनोमुळे हॉल ऑफ फेमचा, म्हणजे लीग जिंकलेल्या टीमच्या नोंदीचा, डेटा खराब होतो हे एक. दुसरं म्हणजे पाचवा प्रश्न, एकाच लेव्हलचे पोकेमॉन सारखे नसतात. प्रत्येकाचे जन्मजात आकडे वेगळे असतातच, शिवाय लढून जी लेव्हल येते तिच्याबरोबर आतल्या आत ताकद पण साठत जाते, कँडी खाऊन लेव्हल वाढते पण ती साठवण होत नाही. म्हणून कँडीवर वाढलेला पोकेमॉन त्याच लेव्हलच्या लढलेल्या पोकेमॉनपेक्षा कमी पडतो. मशीननं हे पण सांगितलं होतं, आपण हो दाबून पुढं गेलो.

दुसरा गेम खेळत असाल तर: यलोमध्ये ब्लेनचे तीनच आहेत पण तगडे, नाइनटेल्स ४८, रॅपिडॅश ५०, आर्कनाइन ५४, तिथं डगट्रिओ पण तसाच वर न्या. २००४ च्या फायररेड-लीफग्रीनमध्ये प्रश्नांचे शब्द थोडे बदललेत, उत्तरांचा क्रम तोच, पण डिगची ताकद ६० वर आलीय म्हणून तिथं अर्थक्वेक किंवा सर्फ. जिंकून बाहेर आलात की बिल नावाचं गेममधलं पात्र भेटतं आणि बोटीनं वन आयलंडला न्यायचं म्हणतं, ते ठरलेलंच आहे, काही चुकलेलं नाही. गोल्ड-सिल्व्हरमध्ये क्विझ शोधत असाल तर सोडून द्या, तिथं ज्वालामुखीनं सिनाबार पार बुजवलंय, ब्लेन सीफोमच्या गुहेत बसतो, मशीन नाहीत, दारं नाहीत, सरळ लढाई. ते ओसाड बेट पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ सेंटरच्या बाहेर नुसता उभा होतो. २०१८ च्या लेट्स गो मध्ये जिमचा टीव्हीवरच्या क्विझ शोसारखा सेट केलाय आणि प्रश्न वेगळे आहेत, वरचा क्रम तिथं लावू नका.

भाच्याचं सांगायचं राहिलं. भाऊबीजेच्या दिवशी त्यानं डिगलेट पकडला, दोन दिवस जिममधल्या ट्रेनरांशी एकेक करून लढला, मधल्या वेळात माझ्याकडून पेन्सिल सेल दोनदा बदलून घेतले, आणि डगट्रिओ ४१ ला नेऊन चौथ्यांदा ब्लेनसमोर गेला. ग्रोलिथ गेला, पोनिटा गेला, रॅपिडॅशनं फायर स्पिन टाकला तेव्हा डगट्रिओ जमिनीखाली होता. आर्कनाइनला मात्र दोनदा डिग लागला, मध्ये एक फायर ब्लास्ट चुकला म्हणून वाचला. व्होल्कॅनो बॅज आला, ४६५३ रुपये, म्हणजे गेममधले पैसे, आले, आणि मग ब्लेन म्हणाला बॅगेत जागा कर. परत तेच, २० वस्तू! फायर ब्लास्टचा टीएम३८ गेला असं वाटून त्याचा चेहरा पडला, पण जात नाही, ब्लेनकडंच राहतो. दोन पोके डॉल उगाच सांभाळल्या होत्या त्या टाकून दिल्या, परत ब्लेनशी बोलला आणि टीएम मिळाला. आता व्हिरिडियनचं बंद असलेलं जिम उघडलंय, सात बॅज झाल्यावरच ते उघडतं, आणि तिथं पण डगट्रिओच न्यायचा का असा कालच फोन आला होता. तिथला प्रमुख जिओव्हानी स्वतःच ग्राउंडवाला आहे, तिथं तो सर्फवाला लॅप्रस काढ म्हणून सांगितलंय.